खेळाडूला भाव काय मिळाला?

भोकरदन तालुक्यातले पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. हंगामात इथे मिरचीची पोती घेऊन आलेली वाहने उभी असतात, काट्यावर माल चढत असतो आणि सगळ्या हवेत एक बारीकसा ठसका भरून राहिलेला असतो. अशाच एका संध्याकाळी, माल मोजून होण्याची वाट पाहत बसलेली कॉलेजची तीन-चार पोरे स्पर्धा परीक्षेचे पुस्तक उघडून एकमेकांना प्रश्न विचारत होती. ‘‘प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीयाच्या सर्वांत जास्त धावा?’’ ‘‘नाबाद ४४३, भाऊसाहेब निंबाळकर.’’ ‘‘ओळीने एकवीस षटके निर्धाव टाकणारा?’’ ‘‘बापू नाडकर्णी.’’ ‘‘स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक?’’ ‘‘खाशाबा जाधव, १९५२.’’ शेजारी पोत्याला टेकून बसलेले एक आजोबा मान हलवत हे सगळे ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारले, ‘‘अन् मंग त्याह्यला भाव काय भेटला?’’

पोरे हसली. मला मात्र वाटले, इतक्या सगळ्या प्रश्नांत खरा प्रश्न हाच होता. मिरचीच्या बाजारात बसलेल्या माणसालाच तो सुचावा हेही साहजिकच. पीक किती आले हे सांगून शेतकऱ्याचे भागत नाही, त्याचे पुढे झाले काय ते सांगावे लागते. खेळाडूंच्या बाबतीत आपण पीक तेवढे मोजतो. धावा, बळी, पदके, सगळे तोंडपाठ. त्या माणसाच्या घरात चूल कशावर पेटत होती, हे पुस्तकात नसते. असते तेही तळटीपेत.

निंबाळकरांचेच पाहा. १९४८च्या डिसेंबरात पुण्यात महाराष्ट्र आणि काठियावाड यांचा रणजी सामना होता. काठियावाडला २३८ धावांत गुंडाळल्यावर महाराष्ट्राने जी फलंदाजी सुरू केली ती थांबेचना. भांडारकरांच्या २०५ धावा, दोघांची ४५५ धावांची भागीदारी आणि निंबाळकर नाबाद ४४३. संघाची धावसंख्या चार बाद ८२६. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विश्वविक्रम मोडायला दहा धावा हव्या होत्या. जेमतेम दोन-तीन षटकांचे काम. पण मधल्या विश्रांतीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सांगितले की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो. आपल्या संघाविरुद्ध जगाचा विक्रम झाला हे कायमचे कागदावर राहील याची त्यांना धास्ती. महाराष्ट्राने डाव घोषित केला नाही, आणि पाहुणा संघ खरोखरच सामना सोडून निघून गेला. शाळेतली पोरे हरायला लागली की बॅटचा मालक बॅट घेऊन घरी जातो, तसलाच प्रकार. फक्त इथे मालक संस्थानिक होते.

(जालन्याच्या लोकांनी इथे कान टवकारावेत. आपल्याच जिल्ह्यातल्या विजय झोलने २०११ साली १९ वर्षांखालच्यांच्या कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. ते प्रथम श्रेणीचे क्रिकेट नव्हे, त्यामुळे निंबाळकरांचा आकडा अबाधित आहे. पण महाराष्ट्राच्याच संघाकडून साडेचारशेच्या पलीकडे एक जण गेला आणि तो जालन्याचा, याची नोंद असावी. पुढे २०१४ च्या १९ वर्षांखालच्या विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता.)

निंबाळकरांना भाव काय मिळाला? ब्रॅडमन यांचे एक पत्र आले. तुमची खेळी माझ्या खेळीहून सरस होती, अशा आशयाचे. भारताकडून कसोटी खेळायला मात्र एकदाही मिळाले नाही. महाराष्ट्र, बडोदा, होळकर, राजस्थान, रेल्वे असे संघ त्यांनी बदलले. त्या पिढीतल्या क्रिकेटपटूंच्या कारकिर्दीत दिसणारी ही संघांची यादी म्हणजे बहुधा धन्यांची आणि नोकऱ्यांची यादी असते. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते गेले.

त्यांच्याही मागे जायचे तर पळवणकर बाळू यांच्यापाशी जावे लागेल. खेळाचे पैसे घेणारा आपल्याकडचा पहिला मोठा क्रिकेटपटू म्हणून कुणाचे नाव घ्यायचे तर ते त्यांचे घ्यावे, असे माझे मत. जन्म धारवाडचा, वाढले पुण्यात, जातीने चांभार. पुण्यातल्या पारशांच्या क्लबात मैदान झाडायचे, रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. तिथून ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले, पगार चार रुपये झाला. काम तेच, त्यात जाळी लावणे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणे यांची भर. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज तासन्‌तास त्यांच्याकडून गोलंदाजी करून घेई आणि बाळूंनी बाद केले की दर वेळी आठ आणे बक्षीस देई, असे सांगतात. आता हिशेब करा. महिन्याचा पगार चार रुपये, म्हणजे आठ वेळा ग्रेगला बाद केले की एक महिन्याचा पगार वर सुटला. जगातल्या कुठल्या प्रशिक्षकाला शिकवण्याची याहून चांगली युक्ती सुचली असेल?

त्या क्लबात बाळूंना फलंदाजी मात्र कुणी करू दिली नाही. बॅट साहेबाची, चेंडू नोकराचा. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला त्याच साहेबांना हरवायचे होते, तेव्हा बाळूंची आठवण झाली. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळ्यांनी हाताळायचा. चहाची वेळ झाली की त्यांचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. पुढे ते मुंबईला गेले, रेल्वेत नोकरीला लागले, हिंदू संघाचे मुख्य गोलंदाज झाले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक ठिकाणी मार खाऊन आला, पण बाळूंनी एकट्याने ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. पुणे कराराखाली सही करणाऱ्यांत बाळूंचे नाव आहे आणि १९३७ च्या निवडणुकीत खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विरोधात काँग्रेसने त्यांनाच उभे केले होते. थोड्या मतांनी ते हरले. तीन रुपयांच्या झाडूपासून इथपर्यंतचा हा प्रवास प्रश्नमंजूषेत एका ओळीचा असतो: ‘११४ बळी, १९११.’

संस्थानिकांच्या काळात खेळाडूला पोसण्याची एक सोपी पद्धत होती. त्याला फौजेत किंवा दरबारात हुद्दा द्यायचा. नागपूरला जन्मलेले सी. के. नायडू इंदूरच्या होळकरांच्या फौजेत होते; ‘कर्नल’ ही त्यांच्या नावामागची पदवी तिथली. १९४१ साली त्यांनी यकृताच्या एका टॉनिकची, बाथगेट कंपनीच्या औषधाची, जाहिरात केली. भारतीय क्रिकेटपटूने केलेली ही पहिली जाहिरात मानतात. आजचे खेळाडू शीतपेयापासून सिमेंटपर्यंत सगळे विकतात, त्या गंगेची गंगोत्री लिव्हर टॉनिक आहे हे अनेकांना ठाऊक नसते.

सांगलीचे विजय हजारे आधी देवासच्या आणि मग बडोद्याच्या महाराजांच्या पदरी होते. मितभाषी गृहस्थ. ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध १९४८ साली ॲडलेडला त्यांनी एकाच कसोटीत ११६ आणि १४५ धावा काढल्या. हेच हजारे पुढे इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरणगावांतून, रॉटनस्टॉल आणि रॉयटन या क्लबांसाठी, ठरलेला पगार घेऊन खेळले. त्या लीगचा नियम मोठा मजेदार होता. संघात बाकी सगळे गावातले गिरणी कामगार, कारकून, दुकानदार. पगारी खेळाडू फक्त एक. त्याने पन्नास धावा काढल्या की मैदानाभोवती डबा फिरायचा आणि प्रेक्षक त्यात नाणी टाकायचे. म्हणजे एकोणपन्नासवर बाद झालेल्या माणसाचे दुःख तिथे नुसते मानसिक नसे.

याच लीगमुळे १९५२ साली एक नाट्य घडले. विनू मंकड यांना हॅसलिंग्डन क्लबाचा करार मिळाला होता. त्यांनी आपल्या मंडळाला विचारले, इंग्लंड दौऱ्यासाठी माझी निवड नक्की आहे का, म्हणजे मी करार सोडतो. मंडळाने शब्द द्यायला नकार दिला. मंकड क्लबाकडे गेले. इकडे लीड्सच्या पहिल्या कसोटीत भारताचे दुसऱ्या डावात शून्यावर चार गडी बाद झाले; कर्णधार हजारे आणि कोल्हापूरचे दत्तू फडकर यांनी शंभरावर भागी केली म्हणून अब्रू थोडी राहिली. मग मंडळाला जाग आली. क्लबाची मनधरणी करून मंकडना लॉर्ड्सवर आणले गेले. त्यांनी पहिल्या डावात ७२ धावा केल्या, ७३ षटके टाकून पाच बळी घेतले आणि दुसऱ्या डावात १८४ धावा काढल्या. भारत हरला तो हरलाच, पण त्या सामन्याला आजही मंकडांची कसोटी म्हणतात. ज्याला आधी ‘शब्द देता येत नाही’ म्हटले होते, त्याने दिलेले हे उत्तर.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने गेली आणि त्यांच्या जागी मुंबईच्या कंपन्या आल्या. एसीसी, टाटा, मफतलाल, निरलॉन, स्टेट बँक. कसोटीमागे अडीचशे रुपये मिळण्याच्या त्या काळात खेळाडूचे खरे उत्पन्न म्हणजे या कंपन्यांतली नोकरी. बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर एसीसीत, अजित वाडेकर स्टेट बँकेत, सुनील गावसकर निरलॉनमध्ये. टाइम्स शील्डच्या सामन्याला त्यामुळेच कसोटीइतकी माणसे जमत, कारण मैदानावर कसोटीवीरच असत. नाडकर्णींचे १९६४ च्या मद्रास कसोटीतले पृथक्करण ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, शून्य बळी असे होते. १३१ चेंडूंवर ओळीने एकही धाव नाही. सिमेंट कंपनीत नोकरी करणाऱ्या माणसाला शोभेल अशीच ती गोलंदाजी.

आणि पद्माकर शिवलकर? ५८९ प्रथम श्रेणी बळी. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला तामिळनाडूविरुद्ध पहिल्या डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत पाच. कसोटी सामने शून्य, कारण त्यांच्याच काळात बिशनसिंग बेदी जन्माला आले होते. दुसऱ्या कुठल्या दशकात हे पीक आले असते तर भाव कितीतरी वर गेला असता. बाजारात माल आणायची तारीख शेतकऱ्याच्या हातात थोडीफार असते, खेळाडूच्या हातात तीही नसते. ३ मार्च २०२५ रोजी शिवलकर गेले.

१९८३ चा विश्वचषक आपल्याला कपिलदेवच्या हातातल्या चषकाच्या छायाचित्राने आठवतो. त्यानंतर घडले ते असे. खेळाडूंना बक्षीस द्यावे इतके पैसे मंडळाच्या तिजोरीत नव्हते. नागपूरचे एन. के. पी. साळवे मंडळाचे अध्यक्ष होते. राजसिंग डुंगरपूर यांनी लता मंगेशकरांना गळ घातली. लताबाईंनी दिल्लीत कार्यक्रम केला, एक पैसा मानधन घेतले नाही. वीस लाख रुपये जमले आणि प्रत्येक खेळाडूला एक-एक लाख मिळाला. हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिलेले एक गाणे विश्वविजेते खेळाडू लताबाईंच्या मागे उभे राहून म्हणाले. त्यांतले किती सुरात होते हे विचारू नये. पुढे भारतातल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांना दोन खुर्च्या लताबाईंसाठी राखून ठेवण्याची प्रथा मंडळाने पाळली. जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळाची, म्हणजे आजच्या या मंडळाची, चाळीसेक वर्षांपूर्वीची ही अवस्था.

लँकेशायरचा डबा काय किंवा दिल्लीचा गाण्याचा कार्यक्रम काय, मराठवाड्यातल्या माणसाला यात नवे काही वाटू नये. आपल्या यात्रांमधल्या कुस्त्यांची रीत हीच आहे. गावात वर्गणी जमते. सुरुवातीला पोरांच्या रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्या, मग दहा-वीस रुपयांपासून चढत जाणारी इनामे, हलगी, आणि सूर्य कलताना शेवटची मानाची कुस्ती. जिंकलेला पैलवान फेट्याचा पदर पसरून मैदानाला फेरी मारतो आणि लोक त्यात खुशीने पैसे टाकतात. गावोगावच्या यात्रांचे वेळापत्रक पाठ असलेला, एका फडावरून दुसऱ्या फडावर जाणारा पैलवान हा आपला सर्वांत जुना व्यावसायिक खेळाडू. त्याचा पगार म्हणजे खुराक. दूध, तूप, बदाम यांचा खर्च कोण उचलतो यावर त्याची ताकद ठरे, आणि तो खर्च उचलणारा हात आखडला की ताकदही ओसरे. कोल्हापूरला शाहू महाराजांनी हा खर्च उचलला, तालमी बांधल्या, १९१२ साली खासबागचे मैदान उभे केले. कोल्हापूर कुस्तीची पंढरी झाली ती काही नुसत्या पंचगंगेच्या पाण्याने नव्हे.

गामा पैलवानाचे नाव आपल्याकडे शिवी आणि शाबासकी दोन्हींत वापरतात. १९१० साली लंडनला त्याची गाठ झिबिस्को या पोलिश मल्लाशी पडली. गामाच्या ताकदीचा अंदाज येताच झिबिस्को दोन तासांहून अधिक वेळ पोटावर पडून राहिला, कुस्ती बरोबरीत सुटली आणि फेरलढतीच्या दिवशी तो फिरकलाच नाही. अडीचशे पौंडांचे इनाम आणि पट्टा गामाला मिळाला. अठरा वर्षांनी पतियाळात दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामाने मिनिटाच्या आत निकाल लावला. फाळणीनंतर लाहोरला त्याचे हाल झाले. शेवटच्या काळात घनश्यामदास बिर्लांनी त्याला दरमहा काही रक्कम सुरू केली होती, असे सांगतात. पतियाळाचा दरबार संपला होता आणि खुराकाचा धनी उरला नव्हता.

महाराष्ट्र केसरीची पहिली गदा १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारी यांनी उचलली. तेव्हा पिंपळगाव रेणुकाईच काय, सगळा भोकरदन तालुकाच औरंगाबाद जिल्ह्यात होता. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. ही स्पर्धा जालना शहरात यायला २०१८ चा डिसेंबर उजाडला आणि तिथे शेजारच्या बुलडाण्याकडून उतरलेल्या बाला रफिक शेखने पुण्याच्या अभिजित कटकेला हरवले. २०२३ च्या जानेवारीत पुण्याला शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला तेव्हा गदेबरोबर जीप आणि पाच लाख रुपये होते. दर वाढला आहे, यात शंका नाही.

आता खाशाबा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातीत वाढला. १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला तो पहिल्यांदा मॅटवर उतरला आणि सहावा आला. त्या वारीचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. १९५२ ला हेलसिंकीला जायचे तर पैसा नाही. सरकारकडे खेटे घातले, हात हलवत परत आले. अखेर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. उरलेले गावाने, ओळखीच्यांनी जमवले. आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य हा या सगळ्या यादीतला, माझ्या दृष्टीने, सर्वांत मोठा विक्रमवीर. त्याच्यावर कुणी प्रश्न काढत नाही.

हेलसिंकीत एक लढत संपल्यावर मध्ये अर्धा तास विश्रांती द्यायला हवी होती. ती मिळाली नाही, आणि हक्काने भांडायला आपला एकही अधिकारी जागेवर नव्हता, असे सांगतात. तरीही बँटमवेट गटात ब्राँझ पदक मिळाले. हॉकीच्या सुवर्णाच्या जल्लोषात दिल्लीने त्याची फारशी दखल घेतली नाही. कराडने घेतली. स्टेशनवर १५१ बैलगाड्या आल्या होत्या आणि एरवी पंधरा मिनिटांची गोळेश्वरची वाट त्या दिवशी सात तासांची झाली.

मिरवणूक संपली, आणि कर्ज डोक्यावर. खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. ऑलिम्पिकचा त्या काळचा नियम असा की खेळाचा पैसा घेतलेल्याने तिथे पायच ठेवायचा नाही. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकणारा अमेरिकेचा आदिवासी खेळाडू जिम थॉर्प याने पूर्वी बेसबॉल खेळून थोडे डॉलर घेतले होते, एवढ्यावरून त्याची पदके काढून घेतली. तो १९५३ साली गरिबीत मेला. पदके त्याच्या मुलांना १९८३ साली मिळाली आणि एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव लागले ते २०२२ साली. हा नियम केला होता घरचे खाऊन हौसेने खेळणाऱ्या मंडळींनी. नारळावर कुस्ती खेळून मोठ्या झालेल्या आपल्या पैलवानाला त्या फुटपट्टीने मोजले असते तर महाराष्ट्रातून एकही मल्ल बाहेर पडला नसता.

खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात फौजदार झाले, सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० चा, मरणोत्तर. त्यांच्यानंतरचे देशाचे दुसरे वैयक्तिक पदक लिअँडर पेसने १९९६ साली आणले. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूचे दुसरे वैयक्तिक पदक यायला ७२ वर्षे लागली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये नेमबाजीत ब्राँझ जिंकणारा स्वप्नील कुसाळे हा कोल्हापूर जिल्ह्यातला, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. राज्य सरकारने त्याला एक कोटी रुपये जाहीर केले. पदकाच्या दिवशी तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता.